ईमेलचा मेळ आणि त्यातील बिघाड

ईमेलचा मेळ, रोजच्या बोलण्यात ‘सिंक’ : मेल पुरवणाऱ्या सर्व्हरवरचे खाते आणि संगणकावरील मेल प्रोग्रॅममधली त्याची प्रत एकसारखी ठेवण्याची क्रिया. आलेला, पाठवलेला, वाचलेला, पुसलेला किंवा एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवलेला प्रत्येक मेल दोन्हीकडे सारखा दिसू लागला की मेळ बसला. हा शब्द रोजमेळाच्या वहीतून घेतलेला बरा, कारण काम तेच आहे. गल्ल्यातली रोकड आणि वहीतला आकडा जुळेना, की चूक कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहावे लागते. इथेही पहिला प्रश्न तोच : अस्सल प्रत कुठे आहे, सर्व्हरवर की या यंत्रावर? बिघाडात मेल सहसा जात नाही. तो जातो हा प्रश्न न विचारता केलेल्या दुरुस्तीत.

या प्रश्नाची दोन उत्तरे १९८० च्या दशकातच तयार झाली. १९८४ मध्ये ‘पॉप’ ही पद्धत आली. तीत मेल सर्व्हरवरून यंत्रावर उतरवायचा आणि सर्व्हरवरची प्रत काढून टाकायची, असा मूळ व्यवहार. तिची तिसरी आवृत्ती, पॉप-३, आजही चालते. १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ‘आयमॅप’ रचली. तीत अस्सल सर्व्हरवरच राहते आणि यंत्रावर येते ती तिची नक्कल. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून लागे आणि लाइन चालू असेतो बिल चढत राही. पटकन जोडायचे, मेल उतरवायचे, लाइन तोडायची. त्या दिवसांत पॉपच सोयीचे होते. जीमेलने आयमॅपची सोय दिली ती २००७ मध्ये. मधल्या काळात बसवलेली खाती यंत्र बदलले तरी त्याच सेटिंगसह पुढे नेली गेली, म्हणून एखाद्या दुकानातल्या संगणकावर अजून पॉप निघते आणि त्या दुकानाचा दहा-पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार जगात फक्त त्या एका हार्डडिस्कवर असतो. दुरुस्तीला बसणाऱ्याने खात्याच्या सेटिंगमध्ये पॉप आहे की आयमॅप, हे वाचल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

पवनानगरात ही बाब फार जवळची आहे. पवना धरणालगतचे, काले कॉलनी या नावानेही ओळखले जाणारे हे पवन मावळातले गाव. भोवती तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर. जलाशयाकाठच्या तंबूंचे आणि बंगल्यांचे बुकिंग इथे चालते, तसाच पॉलिहाउसमधल्या गुलाबांचा व्यवहारही. जानेवारीच्या उत्तरार्धापासून व्हॅलेंटाइन डेपर्यंत गुलाबाची धांदल असते. परदेशी जाणाऱ्या मालाबरोबर बिल, वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र, विमानाची मालपावती असे कागद फिरतात, आणि खरेदीदाराचा बदललेला आकडा मेलवर येतो. तो मेल दुपारी येऊन संध्याकाळी दिसला, तर तोवर पेट्या बांधून झालेल्या असतात. त्यात डोंगराच्या आड रेंज येते-जाते आणि बऱ्याचदा कार्यालयाचे इंटरनेट म्हणजे टेबलावर ठेवलेल्या मोबाइलचा हॉटस्पॉट असतो.

तपासणीची सुरुवात मेल प्रोग्रॅममध्ये करू नये, ब्राउझरमध्ये करावी. तेच खाते ब्राउझरमध्ये उघडावे आणि शेवटच्या आलेल्या मेलची वेळ पाहावी. तिथे मेल आहे आणि प्रोग्रॅममध्ये नाही, तर बिघाड या यंत्रात किंवा मधल्या वाटेत आहे. तिथेही नसेल, तर प्रोग्रॅमवर कितीही मेहनत घेतली तरी मेल येणार नाही : पाठवणाऱ्याने चुकीचा पत्ता घातला असेल, मेल स्पॅममध्ये पडला असेल, किंवा खाते भरले असेल. जीमेलची मोफत १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून आहे. मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ मोबाइलमधून आपोआप वर चढले आणि खरेदीदाराचे मेल परत जाऊ लागले, असे यामुळे होते. प्रोग्रॅम यावर काही बोलत नाही. त्याच्या दृष्टीने नवे काही आलेलेच नसते.

यानंतर मेल प्रोग्रॅमच्या खिडकीच्या तळाची पट्टी वाचावी. आउटलुकमध्ये तिथे ‘कनेक्टेड’, ‘डिस्कनेक्टेड’ किंवा ‘वर्किंग ऑफलाइन’ असे लिहिलेले असते. ‘वर्क ऑफलाइन’ हे बटण चुकून दाबले गेले की प्रोग्रॅम निमूट थांबतो, आणि माणूस राउटर बंद-चालू करत राहतो. थंडरबर्डमध्ये तेच चिन्ह तळाशी डाव्या कोपऱ्यात बारीक आकारात असते. एका क्लिकचे काम आहे, पण ते पाहायचे आठवत नाही.

पुन:पुन्हा पासवर्ड विचारला जाणे ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. पासवर्ड बरोबर असतो, ब्राउझरमध्ये चालतो, आणि प्रोग्रॅम मात्र तो घेत नाही. कारण पासवर्डात नाही, दार बदलले आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमना आत घेणे बंद केले. मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक मेल खात्यांसाठी तेच १६ सप्टेंबर २०२४ रोजी केले. आता प्रोग्रॅम ब्राउझरसारखी एक खिडकी उघडतो, तिथे आपण थेट कंपनीकडे लॉगिन करतो, आणि प्रोग्रॅमच्या हाती पासवर्ड न पडता परवाना पडतो. या पद्धतीला ‘ओऑथ’ म्हणतात. थंडरबर्डमध्ये सर्व्हर सेटिंगमधली ओळख पटवण्याची पद्धत ‘ओऑथ-२’ केली की काम होते. येणाऱ्या मेलसाठी एकदा आणि जाणाऱ्यासाठी वेगळी, असे दोन ठिकाणी बदलावे लागते, आणि दुसरे ठिकाण राहून जाते. जुन्या आउटलुकला ही खिडकी उघडता येत नसेल, तर जीमेलसाठी द्विस्तरीय पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. मुख्य पासवर्ड बदलला की गूगल हे ॲप पासवर्ड रद्द करते, हे मात्र ध्यानात ठेवावे. घरात कोणी सावधगिरीने पासवर्ड बदलतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातले मेल थांबतात. दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

मेल येतात पण जात नाहीत, किंवा उलट, असे असेल तर त्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत हे समजावे. आणण्याचे काम आयमॅप करते, सुरक्षित जोडणीसाठी पोर्ट ९९३ वर. पाठवण्याचे काम एसएमटीपी करते, ५८७ किंवा ४६५ वर. जुन्या सेटिंगमधले पोर्ट २५ इंटरनेट देणाऱ्या कंपन्या अनेकदा अडवतात. ‘आउटबॉक्स’मध्ये एखादा जड मेल अडकला की त्यामागचेही खोळंबतात. मेलमधून जाताना जोडलेल्या फाइलचे रूपांतर अक्षरांत होते, दर तीन बाइटची चार अक्षरे. म्हणून सहा एमबीचे फोटो आठ एमबीहून जास्त होऊन निघतात. हॉटस्पॉटची रेंज मध्येच गेली की प्रोग्रॅम पहिल्यापासून सुरू करतो. अशा वेळी तो मेल ड्राफ्टमध्ये ओढून फोटो लहान करावेत, नाहीतर जड फाइल दुव्याने पाठवावी.

पावसाळ्यात एक वेगळाच बिघाड समोर येतो. लाइट वारंवार जाते, जुन्या संगणकातला सीआर२०३२ सेल संपलेला असतो, आणि लाइट परत आल्यावर यंत्राचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाऊन उभे राहते. सुरक्षित जोडणीत सर्व्हर आपली ओळख एका प्रमाणपत्राने पटवतो, आणि त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. यंत्राच्या मते आज २०१० सालचा जानेवारी असेल, तर ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते. प्रोग्रॅम प्रमाणपत्राचा इशारा देतो, वापरणारा घाबरतो किंवा ‘तरीही पुढे जा’ दाबतो. ते दाबू नये. आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. तारीख ठीक असूनही इशारा येत असेल, तर अँटिव्हायरसची मेल तपासणारी सोय मध्ये आपले प्रमाणपत्र घुसवत नाही ना, हे पाहावे.

आता मेळाच्या आतल्या रचनेविषयी थोडे, कारण तिच्यावाचून पुढचे बिघाड कळत नाहीत. आयमॅप सर्व्हर प्रत्येक फोल्डरमधल्या प्रत्येक मेलला चढता क्रमांक देतो आणि गेलेल्या मेलचा क्रमांक दुसऱ्याला देत नाही. प्रोग्रॅम आपल्याकडचा शेवटचा क्रमांक सांगून पुढचे मागतो. शिवाय पूर्ण फोल्डरला एक वेगळा क्रमांक असतो, ‘ही क्रमवारी अजून तीच आहे’ याची खूण म्हणून. सर्व्हर बदलला, फोल्डर नव्याने बांधला, की ही खूण बदलते आणि प्रोग्रॅमला जुनी नक्कल टाकून सगळे पुन्हा उतरवावे लागते. जमिनीच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा जुन्या नंबराने कागद शोधणाऱ्याची जी गत झाली तीच इथे. कार्यालयाच्या स्वतःच्या डोमेनचे मेल एका कंपनीकडून दुसरीकडे हलवले, की सगळे मेल पुन्हा उतरताना दिसतात ते यामुळे. तो बिघाड नाही, वाट पाहावी.

फोल्डर रिकामा दिसतो किंवा मेलचे शीर्षक एक आणि मजकूर भलताच उघडतो, तेव्हा बहुधा सूची बिघडलेली असते. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरसाठी दोन फाइली ठेवतो : एकीत मेल, आणि त्याच नावापुढे ‘एमएसएफ’ लावलेल्या दुसरीत सूची. फोल्डरच्या गुणधर्मांत ‘रिपेअर फोल्डर’ केले की सूची नव्याने बनते, मेल तसेच राहतात. आउटलुकमध्ये आयमॅप आणि मायक्रोसॉफ्ट खात्याची नक्कल ‘ओएसटी’ फाइलमध्ये असते. प्रोग्रॅम बंद करून तिचे नाव बदलले की आउटलुक नवी बनवतो. नाव बदलावे, पुसू मात्र नये, कारण वर न चढलेला एखादा ड्राफ्ट तिच्यातच असू शकतो. ‘पीएसटी’ फाइल दिसली तर हात आखडावा : पॉप खात्याचे मेल आणि बाजूला काढून ठेवलेले जुने मेल तिच्यातच असतात, आणि तिथे तीच अस्सल असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात वर्षापूर्वीचे मेल गायब दिसले, तर ‘ऑफलाइन किती ठेवायचे’ हा काटा बहुधा एका वर्षावर लावलेला सापडतो.

फोल्डरच्या नावांतही एक खोच आहे. मराठी नावे चालतात; सर्व्हरकडे ती सांकेतिक अक्षरांत जातात आणि प्रोग्रॅम ती पुन्हा देवनागरीत दाखवतो. पण आर्थिक वर्षाचा फोल्डर करताना सवयीने ‘२०२४/२५’ लिहिले जाते, आणि ती तिरकी रेघ कित्येक सर्व्हरवर ‘फोल्डरच्या आतला फोल्डर’ याची खूण असते; काही सर्व्हरवर पूर्णविरामाचा तोच अर्थ होतो. मग ‘२०२४’ नावाच्या फोल्डरात ‘२५’ तयार होतो किंवा फोल्डर बनतच नाही. ‘२०२४-२५’ लिहावे.

आणि आता तो उपाय, ज्याच्यामुळे ही नोंद इतकी लांबली : ‘खाते काढून परत टाका.’ फोनवरून सल्ला देणारा हे सहज सांगतो. पॉप खात्यात याने मेल जाण्याची भीती असते. आयमॅपमध्ये अस्सल सुरक्षित असते, पण नक्कल पुन्हा उतरवावी लागते, आणि गूगलने आयमॅपवरून दिवसाला सुमारे २,५०० एमबी उतरवण्याची मर्यादा जाहीर केलेली आहे. बारा जीबीचे खाते म्हणजे पाच दिवस. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गुलाबाच्या कार्यालयात कोणी हे केले, तर मर्यादा गाठल्यावर प्रोग्रॅम थांबतो, माणसाला वाटते पुन्हा बिघडले, आणि तो खाते पुन्हा काढतो. शिवाय एका जीमेल खात्याला एकाच वेळी १५ जोडण्या चालतात. थंडरबर्ड एकटाच सहसा पाचपर्यंत जोडण्या उघडतो. तेच खाते तीन संगणकांवर आणि दोन मोबाइलवर असेल, तर कोणी ना कोणी बाहेर राहतो आणि त्या यंत्रावर ‘फार जोडण्या’ असा दोष दिसतो. सेटिंगमध्ये तो आकडा दोन-तीनवर आणला की सगळ्यांना वाट मिळते.

याच्या जोडीला दुसरी एक समजूत मोडायला हवी. ‘मशीन जड झाले’ म्हणून आयमॅप खात्यातले जुने मेल डेस्कटॉपवर पुसले, तर ते सर्व्हरवरून आणि मोबाइलवरूनही जातात. मेळ आपले काम चोख करतो. यंत्र हलके करायचे असेल तर ऑफलाइन ठेवण्याची मुदत कमी करावी. विंडोजमधले जुने ‘मेल’ ॲप ३१ डिसेंबर २०२४ नंतर मेल आणणे-पाठवणे बंद झाले, हेही अनेकांना बिघाडच वाटले. तिथे दुरुस्ती नाही, दुसरा प्रोग्रॅम घ्यावा लागतो.

पॉपमध्ये अडकलेला जुना पत्रव्यवहार सोडवण्याची रीत धीराची आहे. प्रोग्रॅम बंद करून प्रोफाइलचे पूर्ण फोल्डर किंवा पीएसटी फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी. सर्व्हरवर जागा पुरेल का ते पाहावे. मग तेच खाते आयमॅपने शेजारी जोडावे आणि स्थानिक फोल्डरमधले मेल वर्षावार, पाचशे-पाचशेच्या तुकड्यांत, त्यात ‘कॉपी’ करावेत. ‘मूव्ह’ करू नयेत, कारण मध्येच रेंज गेली तर मेल ना इकडे ना तिकडे अशा अवस्थेत सापडतो. एक वर्ष झाले की ब्राउझरमध्ये त्या फोल्डरचा आकडा पाहावा, तो यंत्रावरच्या आकड्याशी ताडावा, दोन-चार जुने मेल उघडून त्यांच्या जोडफाइली उघडतात का ते बघावे, आणि मगच पुढचे वर्ष घ्यावे.