ट्रॉम्बे येथील शीत संमीलनाचे प्रयोग

रायपुरास राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस कोळशाचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. कोरब्याच्या खाणी आणि तेथील औष्णिक वीजकेंद्रे यांच्या बळावर या प्रदेशाचा संसार चालतो, आणि त्या संसाराची राखही येथल्याच भूमीवर पडते. कोळशातील कार्बनचा एक अणू जळून जेवढी ऊर्जा देतो, तिच्या सुमारे दहा लक्ष पट ऊर्जा जड हायड्रोजनची, म्हणजे ड्यूटेरियमची, दोन अणुकेंद्रे एकरूप झाली असता बाहेर पडते. या एकरूप होण्यास संमीलन म्हणतात. सूर्याच्या गर्भात हायड्रोजनचे संमीलन अखंड चालू असते. पण तेथील उष्णता दीड कोटी अंशांच्या घरात आहे. तीच क्रिया मेजावरच्या काचपात्रात, हाताला सोसवेल इतक्या उष्णतेत घडवून आणता येईल काय, या प्रश्नाने १९८९ साली साऱ्या जगास काही महिने वेड लावले. त्या प्रश्नाचा सर्वांत जोराचा पाठपुरावा ज्या थोड्या ठिकाणी झाला, त्यांत मुंबईजवळचे ट्रॉम्बे हे एक होते. ही हकीकत मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही, म्हणून ती येथे थोडक्यात मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न तसा जुना. पॅलॅडियम हा धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन वायू शोषून घेतो. या गुणाचा उपयोग करून हायड्रोजनचे हेलियम बनविल्याचा दावा बर्लिन येथील पानेथ व पीटर्स या रसायनशास्त्रज्ञांनी १९२६ साली केला. परंतु सापडलेले हेलियम काचेतून व हवेतून आलेले असावे असे दिसून येताच त्यांनी तो स्वतःच मागे घेतला. पुढे २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठात फ्लाइशमन व पॉन्स या दोघांनी वार्ताहरांपुढे जाहीर केले की, जड पाण्यात पॅलॅडियमचे ऋणाग्र बुडवून वीज सोडली असता रसायनशास्त्राने उलगडा होणार नाही इतकी उष्णता निघते. शोधनिबंधाच्या आधी वार्ताहर परिषद व्हावी, ही गोष्ट अनेक शास्त्रज्ञांना तेव्हाच खटकली होती.

भाभा अणु संशोधन केंद्राचे संचालक त्या वेळी डॉ. पी. के. अय्यंगार होते. न्यूट्रॉनांचा अभ्यास हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीतही त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्यासोबत पूर्णिमा अणुभट्टीच्या कामातील अनुभवी भौतिकीज्ञ डॉ. महादेव श्रीनिवासन होते. या कामास लागणारी सामग्री ट्रॉम्बेस घरचीच होती. जड पाणी देशात तयार होत होते, आणि न्यूट्रॉन मोजण्याचे व ट्रिटियम ओळखण्याचे कसब तेथील प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे मुरलेले होते. काही आठवड्यांत निरनिराळ्या विभागांतील पन्नासांवर शास्त्रज्ञ व अभियंते कामास लागले. सरकारी खात्यांत वावरणाऱ्या वाचकांस विभागांच्या सीमा ओलांडणे किती दुर्घट असते याचा अनुभव असेलच. तेव्हा या त्वरेचे मोल त्यांना अधिक कळेल. १९८९ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतचे हे सारे काम त्याच वर्षाच्या डिसेंबरात एका अहवालात एकत्र छापण्यात आले. अय्यंगार व श्रीनिवासन यांनी संपादिलेल्या या अहवालाचा क्रमांक बीएआरसी–१५००.

या अहवालाचे वैशिष्ट्य असे की, त्यात भर उष्णतेवर नव्हता, अणुकेंद्रीय खुणांवर होता. ड्यूटेरियमच्या संमीलनात एक तर न्यूट्रॉन निघावा नाही तर ट्रिटियम बनावे, आणि दोहोंचे प्रमाण जवळजवळ समसमान असावे, असे प्रस्थापित शास्त्र सांगते. ट्रॉम्बेच्या पात्रांत दोन्ही आढळल्याची नोंद झाली. पण ट्रिटियमच्या कोट्यवधी अणूंमागे न्यूट्रॉन अवघा एक! म्हणजे घडले ते जर संमीलन असेल, तर ते आजवर कोणास ठाऊक नसलेल्या रीतीचे होते.

येथेच टीकाकारांची शंका उभी राहते. ट्रिटियम पात्रात जन्मले की बाहेरून आले? जड पाण्यात त्याचा अंश मुळातच असतो, आणि वीज सोडून पाणी आटत जाते तसे त्याचे प्रमाण वाढू शकते. शिवाय ज्या ट्रॉम्बेत जड पाण्यावर चालणाऱ्या सायरस व ध्रुव या अणुभट्ट्या होत्या, तेथे ट्रिटियम काही परका पाहुणा नव्हे. जे स्थान या प्रयोगास सर्वांत योग्य, तेच भेसळीच्या संशयासही सर्वांत सोयीचे, असा हा पेच होता. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांचे उत्तर असे की, आटण्याने होणारी वाढ त्यांनी हिशेबात घेतली होती, आणि आढळलेले ट्रिटियम तिच्याहून कितीतरी अधिक होते. या उत्तराने प्रतिपक्षाचे समाधान झाले नाही. अमेरिकेच्या ऊर्जाखात्याने नेमलेल्या समितीने नोव्हेंबर १९८९ मध्येच, पुरावा पटण्याजोगा नाही, असा निष्कर्ष दिला होता.

तरीही ट्रॉम्बेचे काम लगेच थांबले नाही; त्याने निकेलची वाट धरली. निकेल पॅलॅडियमपेक्षा पुष्कळच स्वस्त, आणि जड पाण्याऐवजी साधे पाणी चालत असेल तर मग विचारावयासच नको. पोटॅशियम कार्बोनेटासारखे क्षार घातलेल्या साध्या पाण्यात निकेलचे ऋणाग्र ठेवून केलेल्या प्रयोगांत अधिक उष्णता व ट्रिटियम आढळल्याचे श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली जपानमधील नागोया येथील परिषदेत सांगितले. १९९५ साली मोनाको येथील परिषदेत त्यांनी हायड्रोजन वायूत तापविलेल्या निकेलच्या तारांचेही निष्कर्ष मांडले. पण त्याच वर्षी उष्णतेच्या दाव्यांवर एक नेमका आक्षेप पुढे आला. विजेने पाण्यापासून सुटे झालेले हायड्रोजन व ऑक्सिजन पात्रातच पुन्हा एकत्र आले, तर ती उष्णता पात्रातच राहते. आणि सारे वायू बाहेर गेले असे धरून हिशेब केला, तर हीच उष्णता नवलाची म्हणून जमेस लागते. चूक जमाखर्चाची, पण तिच्यावर मोठे मनोरे उभे राहू शकतात.

इकडे इटलीत पियांतेल्ली, फोकार्दी व हाबेल यांनी १९९४ साली हायड्रोजन वायूतील निकेलच्या कांडीपासून उष्णता मिळाल्याचे प्रसिद्ध केले होते. जिनीव्हाजवळील सर्न संस्थेतील एका गटाने तो प्रयोग पुन्हा केला आणि १९९६ साली कळविले की, वाढीव ऊर्जेचा पुरावा मिळाला नाही. २०११ साली बोलोन्या येथे आंद्रेआ रॉस्सी या गृहस्थांनी निकेल-हायड्रोजनच्या भट्टीचे जाहीर प्रात्यक्षिक केले; त्याची परिणती अमेरिकेतील न्यायालयीन तंट्यात झाली, तो २०१७ साली आपसांत मिटला, आणि विश्वासार्ह भट्टी काही बाजारात आली नाही.

ट्रॉम्बेत मात्र न्यायालयही नव्हते व बाजारही नव्हता. अय्यंगार १९९० साली अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले व १९९३ साली निवृत्त झाले. त्यानंतर या कामाचा पाठीराखा राहिला नाही, आणि काही वर्षांत ते विराम पावले. कचेरीत एखादे प्रकरण गुणदोषांवर निकालात निघते, तर एखादे केवळ अधिकारी बदलला म्हणून दप्तरात बांधले जाते. या दोन गोष्टींतील अंतर आमच्या वाचकांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? आमच्या मते ट्रॉम्बेचे प्रकरण दुसऱ्या जातीचे होय. याचा अर्थ दावा खरा होता असा मुळीच नव्हे. ट्रिटियम भेसळीतून आले असेल, तर तेही त्याच चिकाटीने सिद्ध करून दाखविणे अगत्याचे होते. तसे झाले असते, तर पुढील पिढीस एक निश्चित उत्तर मिळाले असते.

त्या पिढीने प्रश्न सोडलेला नाही. २०११ च्या फेब्रुवारीत या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईस भरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अय्यंगार निवर्तले. बंगलोरच्या ‘करंट सायन्स’ने २०१५ साली या विषयास आपल्या अंकाचा एक विशेष विभाग दिला. गूगलच्या पैशाने अनेक प्रयोगशाळांनी केलेल्या कसून तपासणीत शीत संमीलनाचा पुरावा आढळला नाही, असे २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, तरीही २०२३ साली अमेरिकी सरकारच्या एका संस्थेने अशाच संशोधनास सुमारे एक कोटी डॉलर मंजूर केले. हेतू हाच की, एकदाचे काय ते ठरावे.

हा प्रश्न पुन्हा हाती घेणाऱ्यास बीएआरसी–१५०० हा अहवाल आजही वाचावयास मिळतो. कोणत्या पात्रात कोणता धातू होता, वीज किती वेळ सोडली, मोजणी कोणत्या यंत्राने झाली, हे त्यात लिहून ठेवलेले आहे. ट्रॉम्बेच्या मंडळींच्या हाती यश आले की नाही, हा वाद राहो. पण आपले काम दुसऱ्याने तपासावे अशा रीतीने ते लिहून गेले, आणि तो तपास पुरा करण्याचे कर्तव्य अद्याप आपल्याकडेच शिल्लक आहे.