पत्रांतील प्रेम आणि पेठेंतील वैर

नाटकांत दोन प्रेमिकांच्या आड येणारी भिंत बहुधा कुळाची किंवा वडिलांच्या हट्टाची असते. ती भिंत दुकानदारीची असली तर काय होतें, हें एका हंगेरियन कथेच्या प्रवासावरून पाहतां येईल.

१९३७ सालीं बुडापेस्ट येथें मिक्लोश लासलो याचें एक सुखान्त नाटक रंगभूमीवर आलें. सुगंधी द्रव्यांच्या दुकानांतील दोन नोकर दिवसभर एकमेकांशीं भांडतात आणि फावल्या वेळीं अनोळखी व्यक्तीस प्रेमपत्रें लिहितात. ती व्यक्ति शेजारींच उभी आहे, याची दोघांनाहि कल्पना नसते. १९३८ सालीं हंगेरींत ज्यूविरोधी कायदा झाला. ज्यू असलेला लासलो त्याच वर्षीं अमेरिकेस गेला.

१९४० सालीं एर्न्स्ट लुबिच यानें या नाटकावर चित्रपट काढला. लुबिच बर्लिनमधील एका शिंप्याचा मुलगा. दुकानांतील माणसें त्यानें लहानपणापासून पाहिलेलीं. चित्रपटांत दुकान चामड्याच्या वस्तूंचें झालें, परंतु शहर बुडापेस्टच राहिलें. नोकरी गेली तर खावें काय, ही धास्ती त्यांतील प्रत्येक विनोदाखालीं वावरते. शेवटीं मात्र प्रेमहि सफळ होतें आणि दुकानहि तरतें.

१९९८ सालीं नोरा एफ्रन या दिग्दर्शिकेनें तीच कथा न्यूयॉर्कला आणली. कागदी पत्रांच्या जागीं ई-मेल आले, आणि नोकरांच्या जागीं मालक. नायिकेचें मुलांच्या पुस्तकांचें चिमुकलें दुकान आईकडून वारशानें आलेलें. नायक प्रचंड पुस्तक-दुकानांच्या साखळीचा वारस. खरें व्यापारी वैर कथेंत शिरलें तें येथें. त्याबरोबर शेवटहि पालटला. प्रेमिक एकत्र येतात, पण नायिकेचें दुकान बंद पडतें, आणि तें बुडविणाऱ्याच्याच गळ्यांत ती माळ घालते. प्रेक्षक हंसत उठतो खरा, पण या सौद्यांत कोणी काय गमावलें, हा प्रश्न त्याच्याबरोबर घरीं येतो.

त्या प्रश्नास इतिहासानें पुढें एक पुरवणी जोडली. २०११ सालीं बॉर्डर्स ही अमेरिकेंतील मोठी पुस्तक-दुकानांची साखळीच बंद पडली. कर्जाचा बोजा होताच. शिवाय इंटरनेटवरून घरपोंच पुस्तकें विकणाऱ्यांशीं स्पर्धा तिला झेपली नाहीं. ज्या तारांवरून प्रेमपत्रें धांवलीं, त्याच तारांनीं मोठ्या दुकानाचें गिऱ्हाईकहि पळविलें.