दुधाचा पिरॅमिड

परवा ऑफिसात एक गंमत झाली. तीन आठवडे खपून आम्ही एक मॉड्यूल दुप्पट फास्ट केलं, आणि त्याच्या पुढच्या मॉड्यूलने मान टाकली! सगळी सिस्टिम होती तिथेच. वैतागून कॅन्टीनमध्ये ताकाचा टेट्रा पॅक फोडला आणि त्या खोक्याचीच गोष्ट आठवली.

स्वीडनमधलं लुंड गाव, १९४० चं दशक. दूध काचेच्या बाटल्यांतून यायचं. बाटली जड, त्यात फुटणारी. शिवाय रिकामी परत आणा, धुवा, पुन्हा भरा. पॅकेजिंगच्या धंद्यातल्या रुबेन राउसिंगला हे खटकायचं. त्याचं म्हणणं साधं होतं: वेष्टनाला जेवढा खर्च येतो, त्यापेक्षा जास्त त्याने वाचवलं पाहिजे.

१९४४ च्या सुमारास त्याच्या प्रयोगशाळेतल्या एरिक वॉलेनबर्गने एक भन्नाट आयडिया काढली. कागदाच्या रिळाची उभी नळी करायची आणि वरून दूध सोडायचं. नळी एकदा डावी-उजवीकडून दाबून सील करायची, थोड्या अंतरावर पुढून-मागून. की झाली चार त्रिकोणी बाजूंची पुडी! रिकामं खोकं बनवा, पट्ट्यावर ठेवा, भरा, झाकण लावा... ही सगळी कामं एका फटक्यात गायब. कागदही जवळजवळ वाया जात नाही. दूध आत असतानाच त्याच्या आरपार सील मारायची युक्ती राउसिंगच्या बायकोची, एलिझाबेथची, असं सांगतात. त्यामुळे पुडीत हवा राहत नाही आणि नळी न तोडता भरणं चालू राहतं.

अर्थात न गळणारा कागद आणि पक्कं सील जमायला बरीच वर्षं गेली. १९५१ मध्ये टेट्रा पॅक कंपनी निघाली आणि १९५२ मध्ये लुंडच्या डेअरीत पहिलं मशीन लागलं, क्रीमच्या १०० मिलिलिटरच्या पुड्यांसाठी.

लाइन झकास पळत होती. घोळ झाला तो लाइनच्या बाहेर. असले पिरॅमिड रचायचे कसे? चार समभुज त्रिकोणांचे पिरॅमिड एकमेकांना चिकटून जागा पूर्ण भरतात, असं खुद्द अ‍ॅरिस्टॉटलला वाटायचं. पण ते चूक आहे, मध्ये फटी राहतातच. मग या पुड्यांसाठी खास षटकोनी क्रेट आले, आणि चौकोनी फ्रिजमध्ये, चौकोनी फळीवर त्या कायम उपऱ्याच राहिल्या.

१९६३ मध्ये कंपनीने विटेच्या आकाराचा टेट्रा ब्रिक आणला. नळी तीच, पण आता पुडीला चौकोनी आकार द्यायचा, वर-खालचे कान दुमडून चिकटवायचे. म्हणजे पॅकिंग लाइनवरचं काम चक्क वाढलं! पण ट्रक, गोदाम, दुकान, फ्रिज, सगळ्यांची सोय झाली. आपल्याकडे १९८५ मध्ये फ्रूटी आली ती अशाच विटेतून. आज चाकणलाही टेट्रा पॅकचा कारखाना आहे.

आणि वॉलेनबर्ग? त्याला बक्षीस मिळालं २,५०० क्रोनर. पेटंटचा अर्ज राउसिंगच्या नावाने गेला. स्वीडनच्या इंजिनिअरिंग अकादमीचं सुवर्णपदक त्याला मिळालं ते १९९१ मध्ये, म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकाने. पुड्यांचा हिशोब ठेवणाऱ्यांना ही फट मात्र बुजवता आली नाही.

असो. सोमवारी आमचं मॉड्यूल मुद्दाम थोडं स्लो करायचं ठरलंय. मॅनेजरला हे कसं पटवायचं, तेवढंच बाकी आहे!