ड्युअल बूट : सुरू होतानाचे बिघाड
एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स असताना कोणती प्रणाली सुरू करायची, हे विचारण्याचे काम बहुधा ग्रब हा बूटलोडर करतो. जुन्या बायोस यंत्रांत त्याचा पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या 512 बाइटच्या सेक्टरमध्ये असतो. विंडोज नंतर बसवले की तो पुसला जातो आणि लिनक्स गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात फायली जागच्या जागी असतात. घाईने फॉरमॅट करणे हीच खरी हानी. लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ग्रब पुन्हा बसवला की बहुतेकदा भागते. पडद्यावर नुसते ‘ग्रब रेस्क्यू’ उमटले, तर ग्रबला स्वतःच्या फायलींचे पार्टिशन सापडलेले नसते.

बायोसच्या जागी यूईएफआय हे नवे फर्मवेअर असलेल्या यंत्रांत दोन्ही बूटलोडर ईएफआय पार्टिशनमध्ये वेगवेगळ्या फोल्डरांत राहतात. तेथे लिनक्स दिसेनासे झाले, तर आधी फर्मवेअरमधील बूटक्रम तपासावा. ऑगस्ट 2024 मध्ये मात्र विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह सही असलेले बूटलोडर चालू देणारी सोय) चालू असलेल्या काही यंत्रांनी जुने लिनक्स बूटलोडर नाकारले. अशा वेळी सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची रिकव्हरी की जवळ असलीच पाहिजे, कारण सेटिंग बदलताच विंडोज ती मागू शकते.