अभयदानाकडून औषधदानाकडे : जखमी अश्वाच्या शुश्रूषेचा इतिहास

जैन परंपरेने श्रावकासाठी आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. यांपैकी अभयदानाचा गौरव आपण पर्युषणपर्वात दरवर्षी ऐकतो. औषधदानाचा उल्लेख मात्र ओझरता होतो. वस्तुतः मृत्यूच्या दाढेतून सोडविलेला जीव जखमी असेल, तर पहिले दान दुसऱ्यावाचून अपुरेच राहते. अश्वाच्या बाबतीत हे विशेष जाणवते. कारण जखमी घोड्याची शुश्रूषा हे पशुसेवेतील अत्यंत कठीण काम मानले जाते.

तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे, हे सर्वश्रुत आहे. आचार्य जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात रचलेल्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात आपल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचा कल्प आहे. त्याच ग्रंथात भडोचच्या ‘अश्वावबोध’ तीर्थाचाही कल्प आहे. अश्वमेधासाठी निवडलेल्या एका घोड्याला बोध देण्यासाठी भगवान मुनिसुव्रत प्रतिष्ठानहून, म्हणजे आपल्या पैठणहून, एका रात्रीत भडोचला पोहोचले, अशी ही कथा आहे. त्याच स्थळी पारध्याच्या बाणाने विद्ध झालेल्या एका घारीला मुनींनी नवकार ऐकविला आणि ती पुढील जन्मी सिंहलद्वीपाची राजकन्या सुदर्शना झाली, असेही परंपरा सांगते. एका कथेत अभय आहे, तर दुसरीत जखमी जीवाची अखेरची सोबत.

वाशीमकरांना या कथेचा आणखी एक संदर्भ लागतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच वंशातील पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केल्याचे कोरीव लेख सांगतात. यज्ञीय अश्वाचे वैभव आणि त्याला वाचविणारी करुणा, या दोन्ही धारा याच भूमीच्या इतिहासातून वाहिल्या आहेत.

पशुचिकित्सेची परंपराही तितकीच जुनी आहे. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात मनुष्यांची व पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नमूद आहे. अश्ववैद्यकाचा प्रवर्तक म्हणून शालिहोत्र ऋषींचे नाव घेतले जाते. त्यांच्या नावावरूनच घोड्यांच्या वैद्याला मराठीत ‘साळोत्री’ म्हणू लागले. तेराव्या शतकात हंसदेव या जैन ग्रंथकाराने ‘मृगपक्षिशास्त्र’ हा पशुपक्ष्यांविषयीचा स्वतंत्र संस्कृत ग्रंथ लिहिला.

या विचाराला संस्थेचे रूप पांजरपोळांनी दिले. सुरतेच्या प्रसिद्ध पशुरुग्णालयात अठराव्या शतकात घोडे, खेचरे, बैल, शेळ्यामेंढ्या, माकडे आणि एक वयोवृद्ध कासवही असल्याचे जुने वर्णन आढळते. मुंबईत 1832 साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली. त्यानंतर 1834 मध्ये जैन शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वर परिसरात पांजरपोळ उभी राहिली. पुढे परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय झाले आणि 1886 मध्ये तेथेच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आश्रयाला अशा रीतीने शास्त्राची जोड मिळाली.

ही जोड का आवश्यक होती, हे घोड्याच्या शरीररचनेवरून कळते. त्याच्या गुडघ्याखाली मांस फार थोडे असते. त्यामुळे तेथील जखम सावकाश भरते आणि पुष्कळदा तिच्यावर वाजवीपेक्षा अधिक मांस वाढून कातडी जुळत नाही. धनुर्वाताचा धोका घोड्याला इतर पाळीव प्राण्यांपेक्षा अधिक असतो. एक पाय दुखावला की सारा भार दुसऱ्यावर पडून त्या निरोगी पायाचा खूरही सुजतो. पागेत बांधून ठेवलेल्या घोड्याला पूर्वीइतकीच चंदी दिली, तर पोटशूळ उठण्याची भीती असते. म्हणून दाणा कमी करून गवत व पाणी सांभाळणे, जखम धुऊन पट्टी बदलणे, माश्या बसू न देणे, खरारा करणे आणि वैद्याच्या सल्ल्याने हळूहळू चालविणे, हे सारे मोतद्दाराला आठवडेच्या आठवडे करावे लागते. येथे दयेइतकीच चिकाटी लागते.

अशा चिकाटीचे फळ जगाने पाहिले आहे. 20 जुलै 1982 रोजी लंडनच्या हाइड पार्कमधील बॉम्बस्फोटात ‘सेफ्टन’ या लष्करी घोड्याला 34 जखमा झाल्या आणि मानेची मोठी रक्तवाहिनी तुटली. सुमारे आठ तासांची शस्त्रक्रिया आणि पुढील दीर्घ शुश्रूषेनंतर तो पुन्हा सेवेत रुजू झाला आणि 1993 मध्ये, तिसाव्या वर्षी मरण पावला. उलटपक्षी 2016 च्या मार्चमध्ये डेहराडून येथे जखमी झालेली पोलीस दलाची ‘शक्तिमान’ घोडी पाय कापून कृत्रिम पाय बसविल्यावरही वाचली नाही. 20 एप्रिल रोजी तिने प्राण सोडला. शुश्रूषा नेहमी यशस्वी होतेच असे नाही.

येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. 1928 साली साबरमती आश्रमातील असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देऊन मृत्यू देवविला, तेव्हा अनेक जैन बांधवांनी तीव्र निषेध केला. पाय मोडलेल्या घोड्यापुढे हाच प्रश्न आजही येतो. आपली परंपरा मारण्याला संमती देत नाही. पण म्हणूनच तिच्यावर अधिक मोठी जबाबदारी येते. ‘मी मारणार नाही’ असे म्हणणाऱ्याने ‘मी सांभाळीन, त्याची वेदना कमी करीन’ असेही म्हटले पाहिजे. औषधाविना, पट्टीविना कोपऱ्यात पडलेल्या जीवाला अभय मिळाले असे कसे म्हणावे?

घोड्याचे ऋण तर आपल्यावर प्रत्यक्ष आहे. धनुर्वाताची प्रतिविषे आणि सर्पदंशावरील लस घोड्यांच्या रक्तापासून तयार करण्यात आली. आपल्या शेतशिवारात साप चावलेल्या कित्येक कष्टकऱ्यांचे प्राण या लसीने वाचविले आहेत.

आज वाशीम जिल्ह्यात लग्नसराईतील नवरदेवाची घोडी आणि मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहणारी तट्टे आपण पाहतो. काटेरी तारेने वा वाहनाच्या धडकेने ती जखमी झाली, तर गाईबैलांसाठी उभारलेल्या आश्रयस्थानांत त्यांची सोय सहसा नसते. सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाने आश्रयाबरोबर उपचाराचीही व्यवस्था मनावर घ्यावी: पशुवैद्यकाशी कायमचा संपर्क, धनुर्वातावरील औषध, एखादी मऊ जमिनीची पागा आणि सेवेला तयार असलेले चार हात. वैयावृत्त्याला अंतरंग तपांत स्थान देणाऱ्या धर्माच्या अनुयायांना ही सेवा परकी वाटू नये. अभयदानाला औषधदानाची जोड मिळो, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.