पाठीमागून धावणारा

पहाटेचा गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढून घेणाऱ्यांपैकी मी एक. पन्नाशी उलटल्यावर एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उतरायचं ठरवलं खरं, पण दीड महिन्यातच सरावाचा उत्साह आटला. आपण काही जिंकणार नाही, मग पाय कशाला झिजवायचे? हा प्रश्न रोज उशाशी येऊन बसायचा. अशा वेळी मला अलँ मिमून आठवतो.

मिमूनचा जन्म १९२१ सालचा, फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जीरियातला. मूळ नाव अली. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्यातून लढला. इटलीत माँते कासिनोच्या लढाईत त्याचा पाय जबर जखमी झाला. कापावा लागेल, अशी वेळ आली होती. तो पाय कसाबसा वाचला. युद्धानंतर पॅरिसमधल्या एका क्रीडा क्लबात तो वेटर म्हणून राबला आणि धावत राहिला.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरच्या शर्यतीत मिमून दुसरा आला. पहिला होता चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. १९५२ साली हेलसिंकीत पाच हजार आणि दहा हजार, दोन्ही शर्यतींत पुन्हा तेच: झाटोपेक पहिला, मिमून दुसरा. झाटोपेकने तिथे मॅरेथॉनही जिंकली, तीही आयुष्यात पहिल्यांदाच धावून!

झाटोपेकच्या सरावाची रीत साधी होती, पण दमछाक करणारी. चारशे मीटर वेगानं, मग थोडं सावकाश, पुन्हा चारशे मीटर वेगानं. असं एका दिवसात कितीतरी वेळा. लांबचा पल्ला त्याने असा तुकड्यांत वाटून घेतला होता. अशा माणसाच्या पाठीमागे राहायचं, तरी सराव काही कमी करून भागत नाही.

१९५६ साली मेलबर्नला दोघंही मॅरेथॉनच्या सुरुवातीच्या रेषेवर उभे राहिले. मिमून पस्तिशीचा; त्याची ही पहिलीच मॅरेथॉन. दोन तास पंचवीस मिनिटांत तो पहिला आला. पण मैदान सोडून गेला नाही. झाटोपेकची वाट पाहत थांबला. नुकत्याच झालेल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेतून उठून आलेला झाटोपेक सहावा आला. मिमून जिंकल्याचं कळताच त्याने टोपी काढून सलाम केला आणि त्याला मिठी मारली. मिमूनला ती मिठी पदकाहून मोठी वाटली.

केवळ जिंकण्याच्या आशेवर धावला असता, तर मिमून हेलसिंकीनंतर घरी बसला असता. तो बसला नाही. मला वाटतं, पुढे दिसणारी ती पाठ त्याला अडवत नव्हती, ओढत होती.

हे मला आमच्या मैदानावर कळलं. तिथे एक निवृत्त पोस्टमन धावतात. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि कायम माझ्या पुढे. त्यांना गाठायचं म्हणून मीही एकेक फेरी वाढवत गेलो. मध्यंतरी आठवडाभर ते दिसले नाहीत. मैदान मोकळं होतं, पुढे कुणीच नव्हतं, आणि माझे पाय मात्र उचलेनात. आठव्या दिवशी ते आले. नातीच्या लग्नाला गेले होते म्हणे.

"काय कविराज, थांबला नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

मी खोटंच "नाही" म्हटलं आणि त्यांच्यामागे धावू लागलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)