तीन हजार रुपये आणि पंधरा वर्षं

आजची गोष्ट सुरू होते कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेत गावच्या समुद्रकिनाऱ्यावर. तारीख, ६ मे १९५३. साधारण वीस वर्षांच्या एका मुलाला किनाऱ्यावर अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. घर दीडेक मैल लांब. खाट आणली, तिच्यावर घालून त्याला घरी नेलं. गावातल्या डॉक्टरांनी पायाला लाकडी फळ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी सल्ला दिला, पुण्याला न्या.

टॅक्सी केली. मध्यरात्री एकच्या सुमाराला निघाले, सोबत आई आणि ते डॉक्टर. जवळपास दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मेला सकाळी साडेअकराला पुण्यात पोहोचले. वडील दौंडहून आले होते. दुपारी सव्वादोनला मुलगा एका सर्जनच्या खाजगी रुग्णालयात दाखल झाला. मॉर्फियाचं एक इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढले आणि ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन प्लास्टर केलं. साडेपाचला त्याला खोलीत आणलं. सातपर्यंत गुंगी उतरेल असं सांगितल्यावर वडील दौंडला परतले.

साडेसहाला आईच्या लक्षात आलं की मुलाला श्वास घेता येत नाहीये. रात्री नऊला तो गेला.

दाखल झाल्यापासून सात तासही झाले नव्हते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं फॅट एम्बोलिझम, म्हणजे रक्तात चरबीचे कण अडकणं. आईवडिलांना ते पटलं नाही. त्यांनी दिवाणी दावा लावला. त्यांचं म्हणणं असं, की पूर्ण भूल न देता तीन मदतनिसांकडून पाय ओढून, जोर लावून हाड बसवलं आणि त्या धक्क्याने आमचा मुलगा गेला. सर्जनचं म्हणणं, मी हाड बसवलंच नाही, पाय फक्त हलकासा ताणून प्लास्टरमध्ये स्थिर केला.

खालच्या कोर्टाने आईवडिलांचं ऐकलं, उच्च न्यायालयाने तेच कायम केलं, आणि मे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. भरपाई किती? तीन हजार रुपये. वेळ किती लागला? पंधरा वर्षं.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला 'जोशी विरुद्ध गोडबोले' म्हणून माहीत असतो. न्यायालयाने त्यात साध्या भाषेत सांगितलं की डॉक्टरची रुग्णाकडे तीन कर्तव्यं असतात. केस घ्यायची की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कोणते उपचार द्यायचे हे काळजीपूर्वक ठरवणं, आणि ते उपचार काळजीपूर्वक देणं. डॉक्टर देशातला सर्वात हुशार असायला हवा असं कोर्ट म्हणत नाही. वाजवी कौशल्य आणि वाजवी काळजी, एवढीच अपेक्षा. म्हणजे रुग्ण दगावला की डॉक्टर दोषी, असं समीकरण तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही.

आता एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. त्या मुलाचे वडील दौंडला काय करत होते? ते स्वतः डॉक्टर होते! मॉर्फिया म्हणजे काय, भूल कधी द्यायची, हे त्यांना कळत होतं. काय चुकलं ते विचारायला मुळात प्रश्न सुचावा लागतो. तो त्यांना सुचू शकला.

मग ज्याच्या घरात डॉक्टर नाही, त्याचं काय?

त्यासाठी औरंगाबादला जाऊ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. साल १९६३, जुलै महिना. सरकारी दवाखान्यात एक बाई बाळंत झाली, मुलगा झाला. तीन दिवसांनी तिथेच नसबंदीची शस्त्रक्रिया झाली. मग ताप आणि पोटात असह्य दुखणं. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडलं तेव्हा आत सापडला रक्त टिपायचा कापडी बोळा, ज्याला डॉक्टर 'मॉप' म्हणतात. आत पू झाला होता. २४ जुलैला ती गेली.

इथे तज्ज्ञ कशाला हवा? पोटात कापड राहिलं, यातच सगळं आलं. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये मंजूरही केले. पण उच्च न्यायालयाने निकाल फिरवला. त्यातला एक मुद्दा असा, की दवाखाना चालवणं हे सरकारचं सार्वभौम काम, त्यातल्या चुकीसाठी सरकारकडून भरपाई मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे खोडून काढलं, ते ३६ हजार परत मंजूर केले, आणि चूक नेमकी कुठल्या डॉक्टरची हे ठरलं नाही तरी सरकार जबाबदार आहे असं सांगितलं. हा निकाल लागला १९९६ साली. ज्या बाळाच्या जन्मासाठी ती दवाखान्यात गेली होती, तो जन्मून तोवर बत्तीस वर्षं होऊन गेली होती.

मधल्या काळात एक मोठा बदल झाला होता. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. वकील न लावता, स्वतः उभं राहून तक्रार मांडता येईल असे मंच आले. डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला. रुग्ण म्हणजे काय गिऱ्हाईक आहे का? नोव्हेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पैसे घेऊन दिलेले उपचार ही सेवा आहे आणि रुग्ण ग्राहक आहे. पण जिथे कुणाकडूनच पैसे घेत नाहीत, ते दवाखाने यातून बाहेर राहिले. म्हणजे पूर्ण मोफत सरकारी दवाखान्यातल्या रुग्णाला, जो बहुधा सगळ्यात गरीब असतो, पुन्हा दिवाणी कोर्टाचाच रस्ता!

बरं, मंचाचा रस्ता तरी जवळचा होता का? १९९८ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या अनुराधा साहा सुट्टीला कोलकात्यात आल्या. अंगावर पुरळ उठलं. स्टेरॉइडचे जबरदस्त डोस दिले गेले. प्रकृती ढासळल्यावर त्यांना मुंबईला हलवलं आणि २८ मेला इथेच त्या गेल्या. पती कुणाल साहा राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेले. २००६ मध्ये तक्रार फेटाळली गेली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलगर्जीपणा झाल्याचं मान्य केलं आणि रक्कम ठरवायला प्रकरण परत पाठवलं. २०११ मध्ये आयोगाने रक्कम ठरवली, पण पतीनेच उपचारात ढवळाढवळ केली म्हणून दहा टक्के कापले. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली आणि भरपाई वाढवून सुमारे ५ कोटी ९६ लाखांवर नेली, वर व्याज.

आणि कुणाल साहा कोण? तेही डॉक्टर.

आता हिशोब मांडा. १९५३ ते १९६८, पंधरा वर्षं. १९९८ ते २०१३, पुन्हा पंधरा वर्षं. तीन हजारांचे सहा कोटी झाले, पण पंधराची पंधराच राहिली. आणि लढू शकले ते बहुतेक वेळा ज्यांना डॉक्टरांची भाषा येत होती तेच.

म्हणून मला या इतिहासातला एक छोटासा निकाल फार मोलाचा वाटतो. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की मागितल्यावर रुग्णाला त्याचे कागद द्यायलाच हवेत. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत त्याला ७२ तासांची मुदत आली. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. पण ती दोन वर्षं दुःखातून सावरण्यातच निघून जातात, आणि केसपेपर हातात नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला विचारणार तरी काय?

तेव्हा घरातलं कुणी दवाखान्यात असेल तर केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, रिपोर्ट, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. डॉक्टरवर संशय घ्या असं मी म्हणत नाहीये. बहुतेक वेळा त्या फोटोंची गरजही पडणार नाही. पण पालशेतच्या त्या मुलाचे वडील डॉक्टर होते. आपल्यातल्या बहुतेकांचे नसतात.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.